मुद्दल शाबूत, मग व्याज

आमच्या अकोल्याच्या कॉलनीतल्या गणपतीची पहिली बैठक श्रावणातच होते. गेल्या वर्षीच्या बैठकीत वर्गणीचं ठरलं, मांडववाल्याचं ठरलं, हिशेबाची वही रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आली (बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे दुसरं काय यायचं!) आणि मंडळी चहाला उठली. तेवढ्यात पाच-सहा तरुण मुलं माझ्याभोवती जमली. त्यात कृषी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी होती, औषधाच्या दुकानात बसणारा एक मुलगा होता, आणि तबला बरा वाजवणारा एक इंजिनिअर होता.

"काका, यंदा ऑर्केस्ट्रा नको. आम्हाला संगीत नाटक करायचं आहे. 'संत तुकाराम'. तो प्रभातचा जुना पिक्चर आहे ना, तोच स्टेजवर आणायचा. तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तर लिहून द्या. फक्त एक अट आहे, पिक्चरपेक्षा भारी झालं पाहिजे."

'भारी' म्हणजे काय, याची यादी त्यांनी करून आणली होती. मागे मोठा एलईडी पडदा लावायचा आणि त्यावर इंद्रायणी वाहताना दाखवायची. शेवटी वैकुंठाचं विमान त्या पडद्यातून प्रेक्षकांच्या अंगावर यायचं. अभंगांना गिटार आणि ड्रमची साथ द्यायची. मंबाजी जास्त विनोदी करायचा. आणि तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, तो प्रसंग मोठा करायचा, कारण "काका, तो आपल्याकडे एकदम चालेल."

मी यादी खिशात घातली आणि विचार करून सांगतो म्हणालो. घरी येताना मात्र तो एक शब्द डोक्यात घोळत राहिला: पिक्चरपेक्षा. एका माध्यमातली चांगली गोष्ट दुसऱ्या माध्यमात नेताना ती मुळापेक्षा चांगली करण्याची जबाबदारी आपल्यावर असते का? आणि असलीच, तर चांगली म्हणजे कशी?

मराठी रंगभूमीला हा प्रश्न नवा नाही. आपलं संगीत नाटक जन्मलं तेच मुळी दुसऱ्याच्या घरची वस्तू आणून. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' उभं केलं, ते कालिदासाचं. कालिदासात सुधारणा करावी असं अण्णासाहेबांच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी वेगळंच काम केलं. लोकांच्या कानात आधीपासून बसलेल्या साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या चाली घेतल्या आणि शकुंतला त्या चालींत गाऊ लागली. संस्कृत न येणाऱ्या माणसालाही ती आपली वाटली. कालिदास जिथं होता तिथंच राहिला. मराठी माणूस मात्र त्याच्या जवळ गेला.

आमचं वऱ्हाडही या व्यवहारापासून लांब नव्हतं. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं 'रणदुंदुभि' १९२७ साली बळवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं आणि मास्टर दीनानाथांनी ते गाजवलं. आणि ज्या 'संत तुकाराम' चित्रपटाशी आमच्या मुलांना स्पर्धा करायची होती, त्याचे संगीतकार केशवराव भोळे हेही जन्मानं अमरावतीचे. मुलांना हे ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर एकानं विचारलं, "म्हणजे आपल्याच माणसाचं गाणं आपण सुधारणार?" प्रश्न त्यानं गमतीत विचारला होता, पण मला तो बरोबर वाटला.

'संत तुकाराम' १९३६ चा. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला, विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, गौरीबाई जिजाई झाल्या. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या मोजक्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. हे पागनीस मूळचे नाटकातले, तेही स्त्रीभूमिका करणारे. भोळेही वैद्यकीचं शिक्षण सोडून नाटक-संगीताकडे वळलेले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला त्यांनी संगीत दिलं, ते अगदी मोजक्या गाण्यांचं. एकेक पद दहा दहा वेळा आळवण्याच्या काळात गाण्याला आवर घालणारा हा माणूस होता. म्हणजे चित्रपटात जे आलं, ते नाटकातल्या माणसांनी नाटकातला फाफटपसारा मागे ठेवून आणलेलं होतं.

आणि या चित्रपटात एक 'सुधारणा' आहेच. त्यातलं एक पद तुकारामांचं नाही. ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं. पण ते इतकं तुकारामांच्या वळणाचं झालं, की आजही पुष्कळ लोक ते गाथेतलं समजूनच म्हणतात. मला वाटतं, मुळात भर घालण्याचा हा सगळ्यात कठीण आणि सगळ्यात सभ्य प्रकार आहे. भर पडली, पण शिवण दिसली नाही, आणि घालणाऱ्यानं 'पाहा मी काय केलं' असं म्हटलं नाही.

आता दुसरी बाजू. सुधारणेच्या विषयावर आमच्या घरात नऊ-दहा वर्षांपूर्वी एक भांडण झालं होतं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही. भांडणाचं कारण 'कट्यार काळजात घुसली'. या नाटकावर आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांचा जरा जास्तच जीव. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे जन्मानं मूर्तिजापूरचे, म्हणजे अकोला आणि अमरावती यांच्या अगदी मधले. तिथून यवतमाळला आणि अचलपूरला जाणाऱ्या आमच्या छोट्या गाडीचं नावही 'शकुंतला'. आता ती धावत नाही, पण मूर्तिजापूर स्टेशनवरून जाताना मला दर वेळी वाटतं, संगीत नाटक आणि हे गाव यांचं काहीतरी जुनं नातं असावं.

नाटक १९६७ च्या अखेरीस रंगभूमीवर आलं. चाली जितेंद्र अभिषेकींच्या. अमरावतीचे माझे साडू कॉलेजात असताना वसंतरावांचा प्रयोग पाहून आलेले. माझ्याकडे मात्र नुसती कॅसेट. मी ती इतकी वाजवली, की एके ठिकाणी टेप ताणली गेली आणि खाँसाहेबांची एक तान कायमची बेसूर झाली. २०१५ च्या दिवाळीत सुबोध भावे यांचा चित्रपट आला, तेव्हा आम्ही दोन्ही घरची माणसं मिळून अकोल्यात पाहायला गेलो.

चित्रपटात पूर्वकथा विस्तारानं आली. वाडे, दरबार, शेकडो दिवे आले. अभिषेकींच्या चालींसोबत शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. माझी नात, तेव्हा नऊ वर्षांची, खुर्चीच्या टोकावर बसून पाहत होती. बाहेर पडल्यावर मी साडूंना म्हटलं, कसा वाटला? त्यांनी पानाची पुडी सोडत शांतपणे विचारलं, "काहून बाप्पा, गानं का डोयानं आयकाचं असते?"

मी चिडलो. म्हटलं, ही पोरगी आज घरी जाऊन मला राग विचारणार आहे, आणि तुमचं ते नाटक हिनं कुठं पाहायचं होतं? अकोल्यात संगीत नाटकाचा प्रयोग किती वर्षांनी होतो? मुंबई-पुण्याला नाटक असतं. आमच्याकडे नाटकाची आठवण असते. ही आठवण चित्रपटानं तिकिटाच्या खिडकीवर आणून ठेवली, यात वाईट काय झालं? साडू एवढंच म्हणाले, "चांगलं झालं. पन वसंतराव गात होते तवा तोंडही त्याईचंच होतं."

त्या रात्री मला राग आला होता. आज मला वाटतं, ते अर्धे बरोबर होते, आणि बरोबर असलेलं अर्ध फार महत्त्वाचं होतं. चित्रपटात खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, आणि त्यांच्यासाठी गायले राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचे नातू. सदाशिव झाले स्वतः भावे, आणि त्यांचा आवाज महेश काळे यांचा. त्याच गायनासाठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सगळी कामं चोख. पण पडदा गाण्याचे दोन भाग करतो, देह एकाचा आणि गळा दुसऱ्याचा. ही चोरी नव्हे, ती सिनेमाची रीतच आहे. त्या बदल्यात तो आपल्याला चेहरा इतक्या जवळून दाखवतो, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डोळ्यातलं पाणी दिसावं. नाटकाला ते जमत नाही. नाटकाला जमतं ते दुसरंच. ज्याचा घाम दिसतो त्याचाच सूर ऐकू येतो, आणि तो सूर आज लागेल की नाही हे त्यालाही ठाऊक नसतं.

हे मला पुरतं कळलं ते मुंबईत, मुलीकडे गेलो असताना. 'मुघल-ए-आझम' हा के. आसिफ यांचा १९६० चा चित्रपट फिरोज अब्बास खान यांनी २०१६ साली संगीत नाटकाच्या रूपात रंगमंचावर आणला. पाहायला जाताना माझ्या मनात साडूंचंच वाक्य होतं. वाटलं, आता शीशमहल किती मोठा केलाय ते पाहायचं आणि परत यायचं. मोठा केलेला होताच. पोशाख, कथ्थकच्या रांगा, मागची चित्रं, सगळं डोळे दिपवणारं होतं. त्यानं मी दिपलो आणि पाच मिनिटांत सरावलोही. सरावलो नाही तो एका गोष्टीला. चित्रपटात मधुबालेसाठी लता मंगेशकर गायल्या. रंगमंचावर अनारकली स्वतः गात होती. या भूमिकेत प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम या गायिका-अभिनेत्री आलटून पालटून उभ्या राहत असत. ज्या बाईला बादशहासमोर उभं राहायचं आहे, तिनंच श्वास सांभाळायचा आणि तिनंच सूर लावायचा. चित्रपटात दोघींनी मिळून वाहिलेलं ओझं इथं एकटी वाहत होती. चित्रपटापेक्षा ते चांगलं होतं का? नाही. मधुबालेपेक्षा चांगलं काय करणार! पण चित्रपटाला जे देता आलं नव्हतं, असं काहीतरी त्यानं दिलं.

परदेशात हा प्रकार आता धंद्याचा भागच झाला आहे. मेल ब्रूक्स यांच्या १९६७ च्या 'द प्रोड्यूसर्स' या चित्रपटाचं २००१ साली संगीत नाटक झालं, त्याला बारा टोनी पुरस्कार मिळाले, आणि २००५ साली त्या नाटकाचा पुन्हा चित्रपट झाला. गोल फिरून वस्तू परत त्याच दारात! पण याच धंद्यात 'द लायन किंग'सारखंही घडतं. १९९४ च्या त्या चित्रपटात सगळे प्राणी चितारलेले. १९९७ साली ज्यूली टेमर यांनी तो रंगमंचावर आणला, तेव्हा हुबेहूब सिंह करण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत. सिंहाचा मुखवटा नटाच्या डोक्यावर ठेवला आणि त्याखाली नटाचा चेहरा उघडा राहू दिला. प्रेक्षकाला सिंहही दिसतो आणि माणूसही. आपल्या दशावतारात, विदर्भातल्या खडी गमतीत प्रेक्षक हेच तर करत आला आहे. लुगडं नेसलेला गडी त्याला दिसतो आणि त्याच वेळी राणीही दिसते. तो स्वतःच्या पदरचं काहीतरी घालून नाटक पुरं करतो.

चौतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मला हे सगळं कर्जाच्या भाषेत सुचतं, त्याला इलाज नाही. दुसऱ्याची कलाकृती घेणं म्हणजे कर्ज घेणं. मुद्दल शाबूत परत करायचं, ही पहिली अट. मुळातलं मर्म खाऊन टाकलं, तर तुम्ही थकबाकीदार. पण नुसतं मुद्दल मोठ्या पेटीत घालून परत केलं, तरी सावकाराचं काय साधलं? व्याज हवं, आणि ते आपल्या कष्टाचं हवं. म्हणजे आपलं माध्यम, आपलं गाव, आपली माणसं जे पिकवू शकतात ते. 'सुधारणा' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. त्यात सावकारालाच शहाणं करायची भाषा आहे.

हे सगळं मी मुलांना तालमीच्या पहिल्या दिवशी सांगितलं. त्यांनी आदरानं ऐकून घेतलं आणि एलईडी पडद्याचं भाडं विचारायला गेली. एका रात्रीचं भाडं आमच्या सगळ्या वर्गणीच्या निम्म्याहून जास्त निघालं. तेव्हा विमान माझ्या भाषणामुळे रद्द झालं नाही, हिशेबाच्या वहीमुळे झालं. गिटारही चार दिवसांत गेली, कारण ती वाजवणाऱ्या मुलाला पुण्यात नोकरी लागली. राहिली पेटी, तबला, टाळ आणि एक पखवाज.

पण माझा खरा पराभव पुढे होता. विद्यापीठातली ती मुलगी जिजाई करत होती. मी तिला संवाद लिहून दिले होते, जुन्या देहूकडच्या वळणाचे, जपून. तिसऱ्या दिवशी तिनं ते बाजूला ठेवले आणि कर्जखतांच्या प्रसंगात सरळ वऱ्हाडीत सुरुवात केली. खतं पाण्यात गेली, ठीक आहे, पण लेकरायले मी आता काय खाऊ घालू, असं काहीसं. मी तिला थांबवलं. म्हटलं, जिजाई पुणे प्रांतातली, ती अशी बोलणार नाही. चित्रपटातही नाही. मुळाला धक्का लागतो.

ती म्हणाली, "काका, माही आजी अशीच बोलते. बँकेचा मानूस घरी आला का अशीच बोलाची."

तालीम थांबली. कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण मला पुढचं वाक्य सुचेना. नोकरीची पहिली कित्येक वर्षं पीककर्जाच्या वसुलीला मोटारसायकलवरून जाणारा बँकेचा माणूस मीच होतो. तिच्या गावी नाही, पण पुष्कळ गावी. दारात उभं राहून मी त्या आज्यांचं बोलणं ऐकलं होतं आणि वहीत फक्त तारीख लिहून घेतली होती. मुळाला धक्का लागतो, असं मी जे म्हटलं, त्यात चित्रपटाची काळजी किती आणि स्वतःची किती, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. कर्जखतांचा प्रसंग मोठा करू नका, असं मी आधी सुचवलं होतं, तेही याच पोटी असावं. मी म्हटलं, तू म्हणतेस तसंच राहू दे.

प्रयोग झाला तो साधा झाला. तुकारामाचा सूर दोनदा घसरला. मंबाजीची शेंडी तिसऱ्या प्रवेशात निघाली आणि लोक हवे त्याहून जास्त हसले. पण दोन गोष्टी अशा घडल्या, ज्या १९३६ च्या चित्रपटात घडू शकत नव्हत्या. पहिला अभंग सुरू झाला आणि दुसऱ्या ओळीपासून मागच्या बायकांनी धृपद उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. पागनीसांच्या गाण्यानं डोळे भरून येतात, पण पडद्यावरच्या तुकारामांना उत्तर देता येत नाही. इथं मांडवच कीर्तनाला बसला, आणि घसरलेला सूर त्या बायकांनी सावरून धरला.

दुसरी गोष्ट शेवटची. विमान नव्हतंच. टाळकरी वर पाहत होते, तुकारामाचं काम करणारा मुलगा विंगेत निघून गेला होता, आणि जिजाई चुलीपाशी. चित्रपटातही ती संसार टाकून वैकुंठाला जात नाही. पण तिथं आपण विमान पाहत असतो. इथं पाहायला तीच होती. तिनं लेकरांपुढे ताटल्या मांडल्या, मोजल्या, आणि एक जास्तीची उचलून परत ठेवली. हे मी लिहिलं नव्हतं. दिवे मंदावले, तरी थोडा वेळ कुणी उठलं नाही.

मंडप आवरताना मुलं विचारायला आलीच, "काका, खरं सांगा, पिक्चरपेक्षा चांगलं झालं का?"

मी म्हटलं, उद्या संध्याकाळी मांडव रिकामाच आहे. पिक्चर लावा आणि तुम्हीच पाहा.

एकानं कॉलेजातला प्रोजेक्टर आणला, पांढरी चादर ताणली. आदल्या रात्रीचीच माणसं पुन्हा जमली. अमरावतीहून साडूही आले होते. माझ्यापुढच्या रांगेत धृपद उचलणाऱ्यांपैकी एक आजी बसल्या होत्या. गौरीबाईंची जिजाई पडद्यावर आली, नवऱ्यावर तणतणली, देवाला वहाण दाखवायला निघाली. तशा आजीबाई शेजारणीकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "पाय वं माय, हे त आपल्या पोरीसारखीच करते!"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी ते काही बोलले नाहीत.